लाल दिवा मीच लावला होता

मी बोलतोय खरा, पण माझं नाव सांगून तुम्हाला काही कळेल असं वाटत नाही. कागदावर ते हातभर लांब आहे आणि त्यात अक्षरांपेक्षा आकडेच जास्त आहेत. चेन्नईत मला सगळे ‘डब्बा’ म्हणतात. तमिळ माणूसही डब्बा म्हणतो आणि मराठी माणूसही, त्यामुळे निदान त्या बाबतीत वाद नाही. काळा रंग, दोन तळहात शेजारी ठेवले तर होईल एवढा आकार, एका बाजूला बारीक जाळी आणि तिच्यामागे सतत कुरकुरणारा एक छोटा पंखा. देखणा मी कधीच नव्हतो.

माझी जागा सिनेमाच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर. चार स्क्रू आवळले की मी तिथे घट्ट बसतो. हे कॅमेरे फार गुणी असतात. माणसाच्या कातडीचा रंग, डोळ्यांतलं पाणी, मागे धूसर होत गेलेला दिवा, हे सगळं त्यांना इतकं सुंदर दिसतं की बघत राहावं. पण त्यांचा स्वभाव एकलकोंडा. जे बघतील ते स्वतःच्या पोटातल्या कार्डावर साठवून ठेवतील. पुढे महिनाभराने कुणीतरी ते कापील, जोडील, रंगवील, मग लोक बघतील. त्यांना घाई म्हणून माहीत नाही.

लाईव्ह कार्यक्रमाचं सगळं उलटं. समोर घडलं की त्याच क्षणी ते चित्र कंट्रोल रूममध्ये पोचलं पाहिजे, तिथून लोकांपुढे गेलं पाहिजे. तीन कॅमेरे असतील तर तिघांनी एका ठेक्यात चाललं पाहिजे. ही शिस्त सिनेमाच्या कॅमेऱ्याला येत नाही, म्हणून मला जन्माला घातलं. कॅमेऱ्याचं चित्र मी घेतो आणि केसाएवढ्या काचेच्या तारेतून दोनशे मीटर लांबच्या कंट्रोल रूममध्ये पोचवतो. उलट दिशेने तिथल्या माणसाचं बोलणं कॅमेरामनच्या कानात आणतो, त्याला टॉकबॅक म्हणतात. भिंगातून किती उजेड आत घ्यायचा तेही तिथूनच, माझ्यामार्फत फिरवतात. आणि ज्या कॅमेऱ्याचं चित्र त्या क्षणी लोकांना दिसत असेल, त्याच्यावरचा लाल दिवा मी लावतो.

हा दिवा नीट लक्षात ठेवा. माझं सगळं दुःख त्याच्यापाशी आहे.

कोडंबाक्कमच्या एका गल्लीत कॅमेरे भाड्याने देणारं दुकान आहे, तिथे मी आलो. माझ्यासारखे आम्ही तिघे होतो. आम्हाला हाताळणारी माणसं दोन. एक उन्मेष. त्याचे वडील रत्नाकर चेन्नईजवळच्या आवडी या गावी संरक्षण कारखान्यात तपासनीस होते, त्यामुळे हा मूळचा जळगावकडचा मुलगा तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढला. टीव्हीच्या लाईव्ह कामात त्याची बारा वर्षं गेली होती. कंट्रोल रूम त्याची, एका व्हॅनमध्ये थाटलेली. दुसरा कार्तिकेय, सिनेमातला कॅमेरामन, बोलायला कमी, हाताने सावकाश. कॅमेरा त्याचा. दोघांची मैत्री चांगली होती आणि भांडणंही चांगली व्हायची. उन्मेष म्हणायचा, “तुम्हा सिनेमावाल्यांना एक शॉट लावायला सकाळ लागते.” कार्तिकेय म्हणायचा, “तुम्हाला चित्र नको असतं, नुसतं चालू असलं की झालं.” मी दोघांच्या मधला. दोघांचं बोलणं माझ्यातूनच जायचं, म्हणून मला वाटायचं की यांचं एकमेकांना सगळं कळतं.

गेल्या मार्गळीतली गोष्ट. मार्गळी म्हणजे इथला संगीताचा महिना, आपल्या डिसेंबरात येतो. मैलापूरमधल्या एका जुन्या सभेत, म्हणजे संगीत संस्थेच्या हॉलमध्ये, दुपारी चारला हरिकथा होती. सांगणार होत्या अन्नपूर्णाबाई. वय चौऱ्याऐंशी. साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला जाऊन तिथलीच झालेल्या मराठी घराण्यांतल्या त्या. इतरांच्या हरिकथा आता तमिळमध्ये होतात, मध्ये चवीपुरती एखादी साकी किंवा दिंडी मराठीत येते. अन्नपूर्णाबाई मात्र एक आख्यान अख्खं मराठीत सांगायच्या. सुदाम्याच्या बायकोचं. ते त्यांच्या आजीने रचलेलं. त्यांच्याशिवाय ते कुणाला येत नव्हतं, आणि कागदावर त्याची एक ओळही नव्हती.

लिहून काढा म्हटलं की त्या हसायच्या. रेकॉर्ड करू म्हटलं की म्हणायच्या, “नको गे, डबींत घातलेलें गाणें मला नको.” चेन्नईतल्याच वेलचेरी भागातल्या फ्लॅटमध्ये त्यांच्याबरोबर त्यांची नात राहायची, कीर्तना, कंप्युटर कंपनीत काम करणारी. आजीची मराठी तिला अर्धीमुर्धी कळायची. ती तमिळमध्ये विचारायची, आजी मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींचा संसार असा नीट चालला होता. त्या वर्षी कीर्तनाने हट्टच धरला. आजीच्या छातीचं दुखणं वाढलं होतं, हे तिला डॉक्टरने वेगळं बोलावून सांगितलं होतं. शेवटी आजी कबूल झाली, पण एका अटीवर. तंजावरची जी म्हातारी माणसं आता प्रवास करू शकत नाहीत, त्यांना त्याच वेळी ते दिसलं पाहिजे.

म्हणून आम्ही. सिनेमाचे तीन कॅमेरे, कारण कीर्तनाला आजी सुंदर दिसायला हवी होती. आणि लाईव्ह, कारण तंजावरच्या एका कल्याण मंडपात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, पडदा लावून साठ-सत्तर म्हातारी माणसं वाट बघत बसणार होती.

आदल्या दिवशी आम्ही तयारी करायला गेलो तेव्हा अन्नपूर्णाबाई स्वतः बघायला आल्या. नऊवारी नेसलेल्या, कपाळावर मोठं कुंकू, चाल बारीक. त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. “हें काय रे?”

उन्मेष म्हणाला, “आजी, तुमचं चित्र यातून तंजावरला जाणार.”

“एवढ्याशा डब्बांतून? असकें तंजावर बघणार?” असकें म्हणजे अख्खं. मग उन्मेषकडे वळून म्हणाल्या, “तूं मराठा काय रे? बोलणें पेपरांतल्यासारखें आहे तुझें.” मराठा म्हणजे त्यांच्या बोलीत मराठी बोलणारा.

उन्मेष इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला त्यांची मराठी ऐकताना पणजोबा बोलतायत असं वाटत होतं, असं तो नंतर कार्तिकेयला सांगत होता. बाईंनी जाताना माझ्यावर हात फिरवला. एवढ्या वर्षांत मला कुणी विनाकारण हात लावला नव्हता.

आता चूक कशी झाली ती सांगतो. ती चूक यांच्याच धंद्यात होऊ शकते.

उन्मेषच्या व्हॅनमधून बाहेर जाणाऱ्या चांगल्या दर्जाच्या वाटा दोनच होत्या. एक हॉलच्या पडद्याला लागली. दुसरीवर तो नेहमी रेकॉर्डर लावायचा, पण ती तंजावरला द्यावी लागली. त्याने विचार केला, सिनेमाचे कॅमेरे आहेत, ते तर आपलं आपण साठवतातच, आणि आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं साठवतात. रेकॉर्डर त्याने पेटीतच ठेवला. कार्तिकेयला सांगायचं राहिलं. सांगायचं काय, सिनेमावाला रेकॉर्ड करणार नाही तर काय करणार, असं त्याला वाटलं.

कार्तिकेयच्या बाजूने बघा. सिनेमात कॅमेरामन आपल्या मनाने कधी रेकॉर्डिंग सुरू करत नाही. दिग्दर्शक ‘रोल’ म्हणतो, मग बटण दाबायचं. ही सवय त्याच्या हाडात गेलेली. लाईव्ह कामात ‘रोल’ कुणीच म्हणत नाही, कारण तिथे सगळं कायम चालूच असतं. कार्तिकेयने कान देऊन वाट पाहिली. माझ्यातून उन्मेषचा आवाज आला, “कॅमेरा एक, तयार. पाच, चार, तीन…” आणि माझा लाल दिवा लागला. उजेड तिथून फिरवतात, दिवा तिथून लावतात, तेव्हा रेकॉर्डही तिथूनच सुरू करत असतील, असं त्याने धरलं. एरवी कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरं येतात, त्यावरून कळलं असतं. पण ती अक्षरं चित्राबरोबर हॉलच्या पडद्यावर जात होती, म्हणून सकाळीच बंद केली होती. बाकीच्या दोन कॅमेऱ्यांवरची माणसं कार्तिकेयकडे बघून काम करणारी. त्याने बटण दाबलं नाही, त्यांनीही दाबलं नाही.

आणि मी सगळ्यांच्या मधे बसून इमानदारीने काम करत होतो.

आख्यान सुरू झालं. हातात चिपळ्या, मागे मृदंग आणि पेटी. त्या आदल्या दिवशीच्या हळू चालणाऱ्या बाई कुठे गेल्या कुणास ठाऊक. सुदाम्याची बायको चार घरी जाते, चार मुठी पोहे मागून आणते, फडक्यात बांधते. एका शेजारणीची नक्कल बाईंनी अशी केली की सगळी सभा हसली, आणि टॉकबॅकवर तंजावरच्या पडद्यापाशी बसलेला आमचा माणूस ओरडला, “इथेही हसतायत, सगळे हसतायत!” मला गाण्यातलं काही कळत नाही. पण त्या दिवशी चित्र माझ्यातून जाताना मी पंखासुद्धा हळू फिरवावा असं मला वाटलं.

पाऊण तास झाला असेल. कीर्तना वाकून, कुणाला आड न येता, कार्तिकेयच्या कॅमेऱ्यापाशी आली. तिच्या हातात दोन फोन, कपाळावर घाम. साथीदारांचं जेवण सभेच्या कँटीनमध्ये सांगायचं होतं, आजीचं औषध गाडीत राहिलं होतं, परगावच्या कुणा नातेवाइकाला जागा मिळत नव्हती. तिने कुजबुजत विचारलं, “रेकॉर्ड आगुदा, अण्णा?” होतंय ना रेकॉर्ड, दादा?

कार्तिकेयने मान हलवली आणि बोटाने माझा लाल दिवा दाखवला.

तिने दिव्याकडे पाहिलं. मी तिचा चेहरा त्या दिव्याच्या उजेडात पाहिला. तिचा जीव भांड्यात पडला होता. मंचावर आजी नुकती दारापर्यंत आली होती. सुदामा पोह्यांची पुरचुंडी घेऊन निघालाय, बायको दारात उभी आहे, तो वळणावर दिसेनासा होतो. तिथून पुढे ती काय करते, हा त्या आख्यानाचा सगळ्यात जुना भाग. कीर्तनाने तो लहानपणी झोपेत ऐकला होता, जागेपणी कधीच नाही. ती एक क्षण थांबली. मग दिव्याकडे पुन्हा एकदा बघून बाहेर गेली. नंतर सावकाश, पुन्हा पुन्हा थांबवून, एकेक शब्द विचारत ऐकायचं, असं तिने ठरवलं होतं.

मी तेव्हा तो दिवा विझवू शकलो असतो तर!

पुढची वीस मिनिटं सभेत कुणी खोकलंही नाही. सभेचे कार्यकर्ते फोन बाहेर काढू देत नाहीत, त्यामुळे कुणाच्या हातात काही नव्हतं. टॉकबॅकवर उन्मेषचा नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी मंगलारती झाली, टाळ्या झाल्या, दिवा विझला.

सामान आवरताना उन्मेष आला आणि म्हणाला, “कार्ड दे रे, आत्ताच दोन कॉपी करून ठेवतो.”

कार्तिकेय म्हणाला, “कार्ड? रेकॉर्ड तुमच्याकडे ना?”

कार्तिकेयने तिन्ही कॅमेऱ्यांतली कार्डं काढून बघितली. तिन्ही कोरी. तो तिथेच वायरींच्या वेटोळ्यावर बसला. सभेच्या आवाजवाल्याला विचारलं, त्यानेही नुसता आवाज पुढे पाठवला होता. तंजावरला फोन केला. तिथे एका आजोबांनी मोबाईलवर थोडं घेतलं होतं. चाळीस सेकंद. त्यात पडद्याचा एक कोपरा दिसतो आणि पंख्याची घरघर ऐकू येते.

उन्मेषला अजून एक आशा होती, की बिघाड माझा असेल. मला त्याने आवडीला घरी नेलं, सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून माझे स्क्रू काढले. रत्नाकरकाका चष्मा लावून शेजारी बसले. आयुष्यभर तोफांचे भाग तपासलेला माणूस. दोघांनी माझी एकेक वाट तपासली. कंट्रोल रूममधून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सुरू करायची सोयसुद्धा माझ्या पोटात होती. एक बारीक तार तेवढी जोडायची असते. ती कधीच कुणी जोडली नव्हती, कारण कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

काका चष्मा काढून म्हणाले, “याच्यात काही दोष नाही, उन्मेष. जाऊन सांगून टाक त्यांना. उशीर करू नकोस.”

लोकलने आणि पुढे वेलचेरीच्या गाडीने उन्मेष निघाला. कार्तिकेय वाटेत भेटला. मी बॅगेतच होतो. दार कीर्तनाने उघडलं, आनंदाने. तिला वाटलं पेनड्राइव्ह घेऊन आलेत. उन्मेषने उभ्यानेच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, दुसऱ्यावर ढकललं नाही. तिने आरडाओरडा केला नाही. कार्तिकेयकडे बघून तमिळमध्ये एवढंच म्हणाली, “लाल लाइट होता ना, अण्णा?”



आतून अन्नपूर्णाबाई भिंतीला धरत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “कशास रडतीस गे बाळे? मी सांगितलें, त्यांनीं ऐकलें. त्यासाठींच तर सांगायचें. बरें वाटूं दे, पुन्हा सांगतें. तुझ्या समोर बसून सांगतें.” मग त्या दोघांना म्हणाल्या, “पोरांनो, आधीं कॉफी प्या. तोंडें बघा कशी झालीत.”

त्यांना बरं वाटायला दहा दिवस लागले. मधे ताप येऊन गेला, एक दिवस दवाखान्यातही ठेवावं लागलं. रविवारी सकाळी कार्तिकेय कॅमेरा घेऊन वेलचेरीला आला. माझं तिथे काही काम नव्हतं, पण मी पाठीवर होतो, कुणी काढलं नव्हतं. या वेळी त्याने बटण तीनदा बघितलं. उन्मेषने चौथ्यांदा बघितलं. कीर्तना आजीसमोर चटईवर बसली, सगळे फोन बंद करून.

बाईंनी बसूनच सुरुवात केली. आवाज बारीक झाला होता, पण शब्द नीट येत होते. चार घरं झाली. चार मुठी झाल्या. शेजारणीची नक्कल झाली, कीर्तना हसली. पुरचुंडी बांधली. सुदामा निघाला. बायको दारात उभी राहिली.

आणि अन्नपूर्णाबाई थांबल्या.

त्यांनी परत दोन ओळी मागे जाऊन सुरुवात केली. पुन्हा दारापाशी आल्या, पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा त्यांनी हातात चिपळ्या घेतल्या, हाताला तरी आठवेल म्हणून. चिपळ्या वाजल्या. पुढचा शब्द आला नाही.

त्यांनी नातीकडे पाहिलं, चुकलेल्या मुलीसारखं. “दारापर्यंत येतें गे मी. पुढें वाट दिसत नाहीं.”

कीर्तनाने त्यांचे पाय धरले आणि म्हणाली, “पुरे आज्जी. पुरे. एवढं मला पुरे.” तिची ती पहिली सरळ मराठी मी ऐकली.

पोंगल होऊन चौथ्या दिवशी अन्नपूर्णाबाई गेल्या.

कीर्तना नंतर तंजावरला गेली, असं उन्मेष सांगत होता. त्या दिवशी मंडपात बसलेल्या माणसांना तिने घरोघर जाऊन विचारलं, दारातून पुढे ती बायको काय करते? एक आजी म्हणाल्या, ती अंगण झाडायला घेते. दुसरे आजोबा म्हणाले, छे, ती रिकामी मडकी उपडी घालते. तिसऱ्या बाई म्हणाल्या, शब्द नाही आठवत, पण आम्ही सगळ्या रडलो होतो.

अलीकडे दुकानात नवे कॅमेरे आले. माझं सगळं काम त्यांच्या आतच होतं, वर डब्बा लावावा लागत नाही. कार्तिकेय आता प्रत्येक कार्यक्रमाआधी मोठ्याने विचारतो, “रेकॉर्ड कुणाकडे?” आणि नाव घेऊन उत्तर आल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावत नाही. आम्हा तिघा डब्ब्यांना दुकानाने फळीवर टाकलं. मला भंगारात काढायचं ठरलं तेव्हा उन्मेषने कीर्तनाला विचारलं, आणि ती येऊन मला घेऊन गेली. का, ते तिने सांगितलं नाही.

आता मी वेलचेरीत तिच्या पुस्तकांच्या कपाटावर आहे, आजीच्या चिपळ्यांच्या शेजारी. मला वीज नाही, तार नाही. माझा पंखा थांबलाय. आजीचा तो सगळा सूर, तो दारापुढचा भाग, शब्दन् शब्द माझ्यातून गेला आणि माझ्यात त्यातलं काहीच उरलं नाही. मला पोचवायलाच शिकवलं होतं, ठेवायला कुणी शिकवलं नव्हतं. मला जे ऐकू आलं ते मी कुठेतरी धरून ठेवलं असेल, या आशेने ती कधी कधी माझ्याकडे बघते, आणि मला लपायला जागा नसते.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस काही सांगत असेल तर तिथे बसा. कुठेतरी लाल दिवा लागलाय म्हणून उठून जाऊ नका. त्या दिव्याचा भरवसा मी तुम्हाला देऊ शकत नाही, कारण तो मीच लावत होतो.

कीर्तना रोज संध्याकाळी ऑफिसातून आली की हातपाय धुऊन चटईवर बसते आणि आजीचं आख्यान म्हणते. मराठी अजून अडखळते तिची. चार घरं करते, चार मुठी मागते, पुरचुंडी बांधते, सुदाम्याला वाटेला लावते. दारापर्यंत येते आणि थांबते. मग तिथेच थोडा वेळ बसून राहते.